पाणसळीवरचा अंगठा

९ जानेवारी

काय म्हणून हाक मारावी ते ठरेना, म्हणून वरची ओळ कोरीच सोडली आहे. सूनबाई म्हणावं तर माझ्या मुलाशी तुझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. नावाने हाक मारावी तर या घरात तुला नावाने कुणी कधी हाक मारलीच नाही. कारखान्यात तुला सगळे अंगठेवाली म्हणायचे आणि अजूनही तसंच म्हणतात. तर अंगठेवाली, हे पत्र धंद्याचं आहे, खुशालीचं नाही. तुझी खुशाली मी यात कुठेही विचारलेली नाही, हे ध्यानात असू दे.

फोन केला असता, पण फोनवर मी चिडते आणि तू गप्प बसतेस. तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळवला. तो देताना त्यांनी एवढा भाव खाल्ला की मला वाटलं मी पत्ता नाही, त्यांच्या घराचा कागदच मागते आहे.

बातमी अशी की आपल्या पाणसळी परदेशी निघाल्या आहेत. तीस वर्षं या गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून गवंड्यांसाठी पाणसळी केल्या, आणि आता समुद्रापलीकडच्या भिंती आपल्या पट्टीवर उभ्या राहणार. आणि तेही तू राहतेस त्याच देशात. योगायोग म्हण किंवा काहीही म्हण. तिकडचा एक व्यापारी माल घ्यायला तयार आहे. वसंतात तिकडे बांधकामाच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे तो आपली मांडणी करणार. हे असते तर कॉलर ताठ करून गल्लीभर फिरले असते. ते नाहीत, म्हणून मीच फिरून आले.

आता इथेच घोडं पेंड खातंय. व्यापाऱ्याने लिहिलं, की तुमच्या कारखान्याचं नाव आमच्या लोकांच्या जिभेवर बसत नाही. आमच्याकडे सगळे 'अंगठ्याची' म्हणून मागतील. तेव्हा त्या अंगठ्याच्या खुणेची नोंदणी इकडे मीच माझ्या नावावर करून घेतो, तुम्हाला कशाला त्रास! माझा मुलगा म्हणाला, बरं झालं, आपला खर्च वाचला. मला मात्र कुणी एवढं गोड बोललं की घशात खवखवतं. म्हणून मी वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई हुशार आहेत, पण पाणसळ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मी पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, या पट्टीच्या मध्ये काचेची नळी, नळीत स्पिरिट आणि एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की खालची जागा सपाट. बुडबुडा आला नाही. त्यांचं टेबल एका अंगाला कललेलं निघालं! पायाखाली कागदाची घडी सरकवली तेव्हा कुठे त्यांचं आणि माझं नीट जमलं.

त्या म्हणाल्या, "ट्रेडमार्क इथे नोंदवला तरी ती नोंदणी या देशाच्या वेशीपर्यंतच. पलीकडे वेगळा अर्ज. आणि तिकडचा कायदा असा आहे, की जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क आधी. तुमचा माल बंदरात पोचला आणि खूण दुसऱ्याच्या नावावर असली, तर तुमच्याच पाणसळी तुम्हाला नकली म्हणून अडवतील. व्यापाऱ्याला अजून काही लिहू नका. आधी अर्ज, मग माल."

मग त्यांनी टोकाच्या टोपणावरचा तो निळा ठसा निरखून पाहिला. "हा अंगठा कुणाचा?"

मी म्हटलं, "सुनेचा." आणि मग सगळं सांगितलं. तू नवीन होतीस, टोपणावरचा निळा रंग ओला असताना पाणसळ उचललीस आणि अंगठा उमटला. हे भडकले होते, आठवतं? "एवढं चांगलं काम आणि त्यावर हा डाग!" तरी एक पाणसळ चुकून दुकानात गेलीच, आणि दुकानदार परत आला तो म्हणत, "अंगठा असलेलीच द्या, गवंडी तीच मागतायत." तेव्हापासून तू तपासलेल्या प्रत्येक पाणसळीवर अंगठा मारायचीस. अंगठा उठलेली पहिली पाणसळ यांनी ऑफिसच्या भिंतीवर टांगली, डाग म्हणणाऱ्याच माणसाने. तू गेलीस त्या सुमाराला ती भिंतीवरून नाहीशी झाली. मुलाने भंगारात घातली असणार, आणि त्यावरून मी त्याला अजून ऐकवते.

तू गेल्यावर तुझ्या ठशावरून मी डाय, म्हणजे धातूचा शिक्का, कोरून घेतली. आता ती डायच अंगठा मारते.

वकीलबाई म्हणाल्या, "म्हणजे त्या जिवंत आहेत, आणि आता तुमच्याकडे नाहीत. मग त्यांची लेखी संमती हवी. उद्या त्यांनीच हरकत घेतली तर?"

"ती नाही घेणार हरकत."

"कशावरून?"

यावर मी उगाच टेबलावरची पाणसळ पुसत बसले. मी! तू असतीस तर हसली असतीस.

सोबत संमतीचा कागद आहे. खूण केलेल्या जागी सही कर आणि लगेच पाठव. पाकिटावर पत्ता घालून ठेवला आहे, तुला फक्त जीभ लावून बंद करायचं आहे.

कारखान्याची मालकीण


२ फेब्रुवारी

अंगठेवाली,

तुझं उत्तर पोचलं. कागद कोरा परत आला, सोबत तुझ्या चार ओळी. मी त्या मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवल्या, कारण माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना:

"आई, तो अंगठा म्हणजे 'ही मी तपासली' असं गवंड्याला दिलेलं वचन होतं. सहा वर्षांत मी एकही पाणसळ तपासलेली नाही. मी न तपासलेल्यावर माझा अंगठा आहे, याला मी हो कशी म्हणू? रागावू नका."

रागावू नका! नाकाला मिरच्या झोंबवायच्या आणि वर शिंकू नका म्हणायचं.

आता ऐक. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा एप्रन खुंटीवर होता. धुतलेला, इस्त्री केलेला. निरोप नाही, चिठ्ठी नाही, जाते म्हणून नाही, नुसता एप्रन! मी तो चढवला आणि तुझ्या जागेवर उभी राहिले. तेव्हापासून या कारखान्यातून मी हात न लावलेली एकही पाणसळ बाहेर गेलेली नाही. त्याच लोखंडी पाटावर ठेवते, बुडबुडा बघते. मग टोकं फिरवते, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, आणि परत बघते. दोन्ही वेळा बुडबुडा त्याच जागी आला तरच पास. हे तुला मी शिकवलं होतं, बाळे, तू मला नाही. मुलाने सुचवून पाहिलं, की आई, दहातली एक तपासली तरी चालतं, सगळीकडे तसंच असतं. मी म्हटलं, चालेल, मग अंगठाही दहातल्या एकीवरच मारू आणि बाकीच्यांवर तुझा फोटो लावू.

आता तूच मला वचन शिकवणार?

आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहून टाकते. घटस्फोट तू माझ्या मुलाशी घेतलास. तुमचं पटत नव्हतं, ते मला दिसत होतं, त्यात मी कधी तोंड घातलं नाही. पण तू माझ्याशीही घटस्फोट घेतलास असं मला कुणी कळवलेलं नाही. मला तसला कागद आलेला नाही. मग सहा वर्षं एक ओळ नाही ती का? मी वाट बघत होते असं समजू नकोस. टपाल रोज येतं, ते रोज मीच घेते, एवढंच.

आजच्या टपालाने एक पेटी पाठवते आहे. त्यात चाळीस पाणसळी आहेत आणि तू परत केलेला तो कोरा कागदही. निवडून घातलेल्या नाहीत, कपाटातून हाताला लागतील तशा मिस्त्रींनी भरल्या, मी तिकडे पाठ करून उभी होते. तपास. तुझ्या पद्धतीने, म्हणजे माझ्या पद्धतीने. एक जरी वाकडी निघाली तर मी तुझ्या अंगठ्याची डाय माझ्या हाताने मोडेन आणि तुला परत कधी त्रास देणार नाही. आणि सगळ्या सरळ निघाल्या तर सही करायची. निमूट.

तुझं ते 'रागावू नका' मी मनावर घेतलेलं नाही.

मालकीण


२७ फेब्रुवारी

पेटी पोचल्याची पावती आली, तुझं काही आलं नाही. तपासत असशील. चाळीस म्हणजे तुझ्या हाताला एक दुपार. पण तू नोकरी करतेस म्हणे. नव्या इमारतींच्या फरशा आणि भिंती सरळ आहेत की नाही ते तपासायचं काम, असं तुझ्या आईंनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. म्हणजे इथे तू पाणसळी तपासायचीस आणि तिथे पाणसळ घेऊन घरं तपासतेस. बढती मिळाली म्हणायची.

इकडे व्यापाऱ्याची घाई चालली आहे. प्रदर्शन जवळ आलं, कागद पाठवा, मी नोंदवून टाकतो. वकीलबाई म्हणतात, थांबवून धरा. पण थांबवणार किती? मुलाने सुचवलं, कुणाचाच नसलेला अंगठा कॉम्प्युटरवर काढून घेऊ. छान, गोल, रेखीव, संमतीची भानगडच नको. मी म्हटलं, कुणाचाच नसलेला अंगठा म्हणजे कुणीच न तपासलेली पाणसळ. तो म्हणाला, "आई, गिऱ्हाईक भिंग लावून बघत नाही." तुझं आणि त्याचं का फाटलं ते मला त्या क्षणी पुन्हा एकदा समजलं.

मग मी म्हटलं, तपासते मी, तर अंगठाही माझाच जाऊ दे. सरळ हिशेब. निळ्या रंगात अंगठा बुडवला आणि टोपणावर दाबला.

नुसता निळा ठिपका उठला. रेघ म्हणून नाही.

परत दाबला. हात साबणाने धुतला, रंग पातळ केला, घट्ट केला, मिस्त्रींनी मनगट धरून दाबून दिला. प्रत्येक वेळी तसाच गुळगुळीत ठिपका. मग आठवलं, बँकेतलं यंत्रही माझा अंगठा घेत नाही, दरवेळी ती मुलगी म्हणते, "मावशी, दुसरं बोट लावा," आणि दुसरं बोटही लागत नाही. पाणसळीच्या कडा पॉलिश पेपरने घासता घासता माझ्या बोटांच्या रेघाच गेल्या. मला वाईट वाटलं असं समजू नकोस. मी तो ठिपका खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि मला हसूच आलं. आमच्या यांना लोक विचारायचे, तुमच्या पट्ट्या इतक्या गुळगुळीत कशा? हे घे कारण!

मग कारखान्यात जत्राच भरली. मिस्त्रींचा अंगठा बघू, नळ्या बसवणाऱ्याचा बघू, रंगवालीचा बघू. एकामागून एक निळे अंगठे. मिस्त्रींचा माझ्यासारखाच सपाट. नळ्या बसवणाऱ्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग मोठा आणि रेघा नावाला. रंगवालीचा बरा होता, पण ती म्हणाली, "मी रंग लावते, तपासत नाही, माझा नको." म्हणजे तूच एक नाहीस, या कारखान्यात सगळ्यांनाच तुझा रोग लागलेला आहे.

शेवटी तुझ्या माजी नवऱ्याचा उठवून पाहिला. काय सांगू तुला! रेघ न् रेघ, वळण न् वळण, जसं काही पुस्तकात छापलं आहे. सगळा कारखाना हसला. तो स्वतःही हसला, हे त्याच्या बाजूने सांगते.

लवकर कळव. सरळ असल्या तरी कळव आणि नसल्या तरी.


१४ मार्च

पार्सल मिळालं. एकच पाणसळ होती.

मी उघडली, आत तुझी चिठ्ठी नीट दिसेल अशी चिकटवलेली: "एकोणचाळीस बरोबर. ही एक केसभर डावीकडे."

पाटावर ठेवली, बुडबुडा मधोमध. टोकं फिरवली, बुडबुडा मधोमध. मला वाटलं, हिचंच चुकलं, परदेशात राहून नजर बिघडली. मग चिठ्ठीच्या मागे आणखी एक ओळ दिसली: "आई, तुम्ही आता बसून तपासता का? उभ्या राहून बघा."

मी उठले. उठायला वेळ लागला. बरोबर वरून, नाक नळीच्या रेषेत आणून बघितलं. केसभर डावीकडे. टोकं फिरवली, केसभर उजवीकडे.

तुला कुणी सांगितलं? तुझ्या आईंना माझे गुडघे माहीत नाहीत. मिस्त्री शपथेवर म्हणतात, मी नाही. मागच्या हिवाळ्यापासून मी स्टूल घेतलं आहे, ते कुणालाच लिहिलेलं नाही. तिरकं बघितलं की केसभराचा फरक दिसत नाही, हे मी विसरले होते, आणि तू समुद्रापलीकडे बसून एका पट्टीवरून ओळखलंस की म्हातारी आता उभी राहत नाही.

शब्द दिला होता. डाय मोडली. मिस्त्री नको नको म्हणत होते, मी त्यांच्या हातातून करवत घेतली आणि मधोमध कापली.


त्याच दिवशी, संध्याकाळी

कपाळावर हात मारून घेतला आहे. पाणसळ ज्या कागदात गुंडाळली होतीस, तो मी वेष्टण समजून टोपलीत टाकला होता. रंगवाली झाडताना म्हणाली, "बाई, यावर सही आहे." उलगडला तर संमतीचा कागद! तुझी सही, तारीख, सगळं. अगं, महत्त्वाचा कागद कुणी माल गुंडाळायला वापरतं का? तो सुरकुतू नये म्हणून काचेच्या नळीच्या बाजूने गुंडाळलास, हे मला नंतर कळलं, पण तोवर करवत चालली होती. आता संमती आहे आणि डाय नाही. कुणाला सांगू नकोस, वकीलबाईंनाही मी उद्या सांगणार आहे.

आणि एक वाकडी निघूनही सही केलीस ती का? खाली लिहिलेलं वाचलं: "एक सापडली आणि तुम्ही ती परत घ्याल हे मला माहीत आहे, म्हणून." तुला काय माहीत नसतं ते एकदा सांग.

एप्रिलपर्यंत पाठवायचा सगळा माल कपाटातून काढून परत तपासायला घेतला आहे. सुताराला बोलावून उंच खुर्ची करायला सांगितली. बसेन, पण नाक वरून येईल अशी. आणि तुझ्या अंगठ्याचा नवा, स्वच्छ ठसा पाठव. निळ्यातच पाठव.


३ एप्रिल

घात झाला. वकीलबाईंचा फोन आला. त्या व्यापाऱ्याने वाट बघितली नाही. आपल्या जुन्या नमुन्यावरून तुझा अंगठा उतरवून घेतला आणि त्याच्या नावाने अर्ज करून टाकला. तुझ्या नव्या ठशाची वाट बघत आपला अर्ज अडला होता, तो आता दुसरा.

वकीलबाई म्हणतात, हरकत घेता येते, वापराचे पुरावे द्यायचे, पण ते वर्ष-वर्ष चालतं, आणि तोवर तो म्हणेल त्याच अटींवर माल द्यावा लागेल, नाहीतर त्या देशाचं नाव सोडावं लागेल. मुलगा म्हणतो, त्याच्या अटी मान्य करून टाकू. मी म्हटलं, पाणसळी परत गल्लीतच विकेन, पण दुसऱ्याच्या अंगठ्याखाली विकणार नाही.

तुला हे कशाला लिहिते आहे माहीत नाही. तू काही करावंस म्हणून नाही. तुला कळायला हवं, एवढंच. तुझा अंगठा आहे.


२९ एप्रिल

सूनबाई,

हो, सूनबाईच. वकीलबाईंना विचारून घेतलं, कायद्याची हरकत नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा एकटीने, मग मिस्त्रींना, मग सगळ्या कारखान्याला यंत्रं बंद करून, आणि मग तुझ्या आईंना फोनवर. त्यांनी मध्येच मला थांबवून विचारलं, "माझी मुलगी ना?" मी म्हटलं, "आपली."

तू कामाच्या बुटांत, बांधकामाची धूळ घेऊन त्या व्यापाऱ्याच्या चकचकीत ऑफिसात गेलीस. त्याच्या अर्जाची प्रत त्याच्या टेबलावर ठेवलीस, डबीतल्या निळ्या रंगात अंगठा बुडवलास आणि त्याने चोरलेल्या अंगठ्याशेजारी दाबलास. काही बोललीही नाहीस. तू फोनवर गप्प बसतेस म्हणून मी तुला नावं ठेवायची. आता नाही ठेवणार. अशी गप्प बस हवी तेवढी.

आणि तो काय बोलून गेला! "अरे, तुम्हीच का त्या? तुमच्याच हातात तर मी ही पट्टी पहिल्यांदा पाहिली, त्या नव्या शाळेच्या इमारतीवर. तिथले सगळे गवंडी तुमचीच मागत होते." त्याचा वकील शेजारी बसलेला होता, त्याने म्हणे डोळेच मिटून घेतले. आपल्याच तोंडाने, दोघांच्या देखत! ज्याची खूण त्याने स्वतःची म्हणून लिहून दिली, ती त्याने तुझ्या हातात पाहिली होती. वकीलबाई सांगत होत्या, की त्याने अर्ज मागे घेतल्याचं पत्र दोन दिवसांत आलं. आपला अर्ज आता पहिला. तिकडची तपासणी, जाहीर सूचना, सगळं व्हायचं आहे, पण वाटेत आडवं कुणी नाही. व्यापारी मला आता 'आदरणीय महोदया' लिहितो. माल त्याला द्यायचा की दुसऱ्याला, ते तू ठरव. तुझा देश आहे.

म्हणजे पहिली पाणसळ तू नेली होतीस! यांनी भिंतीवर टांगलेली, ओल्या रंगाची. जाताना तू काय काय नेलंस ते मी कपाटं उघडून बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, पोरीने काहीच नेलं नाही, एवढा कसला राग. आणि ती भिंतीवरचा खिळा मोकळा करून गेली होती. आपला माल परदेशी गेला असं मी गल्लीभर सांगत फिरले. तो सहा वर्षांपूर्वीच गेला होता, तुझ्या बॅगेतून. सहा वर्षं एकही ओळ आली नाही म्हणून मी रोज टपाल बघत होते आणि तिकडे तू रोज माझी पट्टी भिंतींना लावत होतीस.

मुलाला मी भंगारावरून इतकी वर्षं बोलले, त्याची माफी अजून मागितलेली नाही. ते बोलणं दुसऱ्या कशाच्या तरी खाती जमा करेन, कारणं कमी नाहीत. पण त्याचंही एक सांगते. भागीदारीचा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली. म्हणाला, "तिचाच आहे अंगठा, आई." एवढंच म्हणाला. माझाच मुलगा आहे, अगदीच वाकडा नाही, केसभर.

हो, भागीदारी. अर्ज कारखान्याच्या नावाने आहे आणि कारखान्यात आता तू आहेस. कागद सोबत आहे. माल गुंडाळू नकोस त्यात. इथून निघणारी प्रत्येक पाणसळ मी तपासेन, उंच खुर्चीवरून. तिकडे उतरलेली प्रत्येक पेटी तू तपासशील. म्हणजे तुझं ते वचन पुरं होईल आणि माझंही. तुला वाकडी सापडली की परत पाठवायची, टपालखर्च कारखान्याचा. मागच्या महिन्यात जी एक पाठवलीस, ती मी दुरुस्त करू दिली नाही. ऑफिसातल्या रिकाम्या खिळ्यावर ती टांगली आहे. कुणी गिऱ्हाईक विचारलं की मी सांगते, ही आमच्या सुनेने नापास केली.

तू पाठवलेला नवा ठसा डाय कोरणाऱ्याला दिला. त्याने भिंगाखाली धरला आणि विचारलं, "ही आडवी रेघ काय? जुन्यात नव्हती." मीही बघितलं. अंगठ्याच्या मधोमध, कापल्याची. कधी कापलं? टाके पडले का? कोण होतं बरोबर? मला काही कळवलं नाहीस. तो म्हणाला, रेघ काढून स्वच्छ करून देतो. वकीलबाईही म्हणाल्या, जुना नमुना वापरला तरी चालेल. मी म्हटलं, नाही, आता आहे तस्साच कोरा. रेघेसकट नोंदवा. माझी सून जशी आहे तशी जाऊ दे जगात.

आता धंद्याचं संपलं. खुशाली कळव. खाणंपिणं कसं आहे, खोली उबदार आहे का, त्या जखमेला थंडीत ठणका लागतो का. सगळं लिही, लांबलचक लिही. माझे गुडघे दुखतात, पण नाक वरून येतं.

सही मला येते, तुला ठाऊक आहे. तरी यावेळी खाली सहीऐवजी अंगठा उठवला आहे, निळ्यात. रेघा शोधू नकोस, सापडणार नाहीत. नुसता गोल ठिपका दिसेल. पण उजेडात धरून बघ, मीच आहे.

आई